दोन पक्ष पुरे म्हणे!

"आपल्याकडे पक्ष फार झाले. अमेरिकेसारखे दोनच ठेवा. हा नको तर तो. कटकट नाही."

दर निवडणुकीनंतर कुणी ना कुणी हे म्हणतंच. कधी बोरिवलीची मावशी, कधी एसटीत शेजारी बसलेले निवृत्त मास्तर, आणि हमखास आमचा न्यू जर्सीचा दादा. (दादा, रागावू नकोस. नाव घेतलेलं नाही. पण घरच्यांना कळलंच असणार.) असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, वैतागलेला असतो. आणि वैतागायला कारणं भरपूर आहेत, आमच्या सिंधुदुर्गात तर जरा जास्तच. पण वैतागाच्या भरात सुचलेलं औषध घ्यायचं की नाही, हे शांत डोक्याने ठरवावं. म्हणून आज थोडं लांबण लावते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पक्ष जास्त आहेत हा आपला रोग नाहीच. रोग दोन आहेत. एक, आपण मतं मोजतो कशी. दोन, पक्ष नावाची वस्तू मालकीची कुणाच्या. दोन पक्षांच्या औषधाने हे दोन्ही रोग बळावतील, आणि बहुपक्षीय संसदेमुळे जी एक चांगली गोष्ट आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला आली होती, ती मात्र मरेल.

चांगल्या गोष्टीपासूनच सुरुवात करते.

आमचा जुना राजापूर मतदारसंघ आठवा. नाव राजापूरचं, पण मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी हा सगळा दक्षिणेकडचा मुलूख त्यातच. (२००८ च्या फेररचनेत तो नकाशावरून पुसला गेला. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे.) १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून गेले. पक्ष कोणता? प्रजा समाजवादी. त्या पक्षाचे अख्ख्या देशातून निवडून आलेले खासदार किती, तर अनुक्रमे १९, १२ आणि १३. पाचशेच्या आसपासच्या सभागृहात तेरा डोकी! आजच्या भाषेत 'मत वाया घालवणं' म्हणतात ते हेच. हा पक्ष सत्तेवर येणार नाही, हे इथल्या मतदाराला नक्की माहीत होतं. तरी त्याने तीनदा मत दिलं.

त्या वाया गेलेल्या मतांनी काय केलं बघा. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला, की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसदेचा हा अधिकार परत आणणारं विधेयक मग कुणी मांडलं? सरकारने नाही. तेरा जणांच्या पक्षातल्या, वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या माणसाने, खासगी सदस्य म्हणून. देशभर त्यावर वाद झाले. १८ जानेवारी १९७१ ला नाथ पै गेले आणि विधेयक तसंच राहिलं, पण त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली ती त्याच दिशेने. नाथ पैंचं म्हणणं बरोबर होतं का, यावर आजही भांडता येईल. (मी स्वतः या बाबतीत न्यायालयाच्या बाजूची आहे.) पण आंबे, काजू आणि मनीऑर्डरीवर जगणाऱ्या एका कोपऱ्याने पाठवलेल्या, सत्तेच्या जवळपासही नसलेल्या खासदाराने देशाला घटनेच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर विचार करायला लावलं, हे नाकारता येणार नाही.

त्यांच्यानंतर मधु दंडवते. १९७१ ला प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून दोन खासदार आले, त्यातला एक आमचा. मग १९७७, १९८०, १९८४, १९८९. यातलं १९८४ तर खास आठवण्यासारखं. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा, जनता पक्ष सगळ्या देशात दहावर. त्या दहांत राजापूर होतं!

आणि आता रेल्वे. कोकण रेल्वेची मागणी जुनी. वालावलच्या अ. ब. वालावलकरांसारख्यांनी तिच्यापायी आयुष्य घातलं. रूळ कसेबसे रोह्यापर्यंत आले ते १९८६ मध्ये. पुढे पैसे नाहीत, हे ठरलेलं उत्तर. मजबूत सरकारं आली, दोन-तृतीयांश बहुमताची आली, उत्तर तेच. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं. जनता दलाच्या १४३ जागा, बाहेरून एका अंगाला डावे आणि दुसऱ्या अंगाला भाजप. ज्याला आपण तुच्छतेने 'खिचडी' म्हणतो, तशा सरकारांत याचा नंबर बराच वर लागेल. त्यात अर्थमंत्री दंडवते आणि रेल्वेमंत्री मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाची वाट न बघता वेगळं महामंडळ काढायचं, त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भांडवल घालायचं, उरलेले पैसे रोख्यांतून उभे करायचे, असं ठरलं. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. अकरा महिन्यांचं आयुष्य! पण काम असं मार्गी लागलं होतं की पुढच्या कुणाला ते गुंडाळता आलं नाही, आणि २६ जानेवारी १९९८ पासून गाडी रोहा ते मंगळूर सलग धावू लागली. गणपतीला त्या गाडीतून उभ्याने येणाऱ्या प्रत्येकाने 'खिचडी सरकारं काही कामाची नाहीत' म्हणण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघावं.

आणि हो, १९९१ ला याच मतदारसंघाने दंडवत्यांना पाडलं. रेल्वे आणली म्हणून सीट कायमची नावावर नाही. मला तेही आवडतं.

आता नाथ पै आणि दंडवते अमेरिकेत जन्मले असते तर काय झालं असतं? इतिहास काढून बघा. १९१२ ला समाजवादी युजीन डेब्ज यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी नऊ लाखांवर मतं पडली, साधारण सहा टक्के. इलेक्टोरल कॉलेजमध्ये शून्य. १९९२ ला रॉस पेरो या अब्जाधीशाला जवळजवळ एकोणीस टक्के मतं पडली. पाचातला एक मतदार! पुन्हा शून्य. २००० मध्ये फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यातला फरक ५३७ मतांचा, आणि पर्यावरणवादी राल्फ नेडर यांना तिथे पडलेली मतं नव्वद हजारांच्या पुढे. त्यानंतर अनेक वर्षं नेडरला मत देणाऱ्यांनी शिव्या खाल्ल्या. म्हणजे तिकडे तिसऱ्याला मत देणारा नुसता मत वाया घालवत नाही, तो गुन्हेगार ठरतो. तिथे नाथ पैंना एकतर दोन मोठ्या दुकानांपैकी एकात नोकरी धरावी लागली असती, नाहीतर घरी बसून लेख लिहावे लागले असते.

आता उलटी कल्पना करा. अमेरिकेचा संसार आपल्यासारखा आहे असं समजा. राष्ट्राध्यक्ष नावापुरता, खरी सत्ता संसदेच्या हातात, आणि ज्या पक्षाला जितके टक्के मतं तितक्या टक्के जागा. २०१६ साल. सँडर्स यांचा कामगारांचा एक पक्ष, क्लिंटनबाईंचा मधल्या लोकांचा एक, चर्चवाल्यांचा एक, सरकारच नको म्हणणाऱ्यांचा एक, हिरव्यांचा छोटासा एक, आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा एक. यातल्या शेवटच्या पक्षाला किती मतं मिळाली असती? कोण जाणे. प्रत्यक्षात २०१६ च्या रिपब्लिकन प्राथमिक फेऱ्यांत ट्रम्प यांना सुमारे एक कोटी चाळीस लाख मतं पडली, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत देशात मतदान झालं साडेतेरा कोटींच्या वर. म्हणजे दर दहा मतदारांत साधारण एकाने ट्रम्पना पहिल्या पसंतीने निवडलं. एवढ्या मतांवर पक्ष त्यांच्या ताब्यात गेला, आणि दुसरं दुकानच नसल्यामुळे त्या पक्षाचा बाकीचा मतदार नाक मुरडत का होईना, मागे आला. माझ्या कल्पनेतल्या अमेरिकेत ट्रम्प पंतप्रधान झालेच नसते असं मी म्हणत नाही. झालेही असते. पण त्यासाठी आणखी दोन पक्षांच्या दारात जावं लागलं असतं, आणि त्या दोघांना कधीही उठून जाता आलं असतं.

दोन पक्षांत सगळ्यात मोठा धोका हाच. एक पक्ष ताब्यात घेतला की अर्धा देश फुकट मिळतो.

स्थैर्याचं काय, असं दादा विचारणारच. (विचारलंयसुद्धा.) मग हे बघ. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. काळजीवाहू सरकार राहिलं, निवडणुका झाल्या, मधल्या काळात तहसीलदार कचेरी उघडी होती, पेन्शन मिळत होती. उलट स्थिर अमेरिकेत २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज बंद पडलं, कारण पैसे मंजूर करण्यावरून दोन पक्षांचं जमेना. आपल्याकडे जमलं नाही की सरकार पडतं. तिकडे सरकार पडत नाही, कचेऱ्यांना कुलूप लागतं आणि कर्मचाऱ्यांचा पगार अडकतो. यातलं स्थैर्य कुठलं, ते मला कुणीतरी समजावून सांगा. संसदीय पद्धतीपेक्षा अध्यक्षीय बरी, हे आपल्याकडे वसंत साठे १९८० च्या दशकात हिरिरीने मांडत होते, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या चाळीस वर्षं आधीच दिलं गेलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून सांगितलं होतं, की अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते आणि संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते, आणि मसुदा समितीने जाणूनबुजून जबाबदारीला वरचं पान दिलं आहे.

'आणि जर्मनीत हिटलर कसा आला, बहुपक्षीय संसदेतूनच ना?' हाही नेहमीचा प्रश्न. हिटलरच्या पक्षाला जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के मतं पडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ३३. म्हणजे उतरतीच होती. बहुमत त्याला मतदाराने दिलं नाही. राष्ट्राध्यक्षाने बोलावून चॅन्सेलर केलं. आपली 'ज्याला जास्त तो विजयी' पद्धत तिथे असती, तर ३७ टक्क्यांवर तो जुलैतच स्वतःच्या बळावर बसला असता.

इथपर्यंत दोन पक्षांची गोष्ट. पण दादाचा वैताग खोटा नाही हेही म्हटलंय, तेव्हा आता घरचं उकिरडं उपसूया.

२००५ साली नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि काँग्रेसच्या चिन्हावर जिंकले. आवडो न आवडो, ते रीतसर झालं. पक्ष बदलला तर पुन्हा लोकांना विचारलं. पुढे २०१७ ला त्यांनी स्वतःचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला, २०१९ ला तो भाजपमध्ये विलीन केला आणि २०२४ ला ते भाजपचे खासदार झाले. त्यांनी पाडलेले विनायक राऊत २०१४ आणि २०१९ ला भाजपशी युती असताना निवडून आले होते, म्हणजे भाजपच्या मतदाराने तेव्हा त्यांना मतं दिली होती. त्याच २०१९ मध्ये विधानसभेला राज्यभर युती आणि कणकवलीत मात्र सेना विरुद्ध भाजप. सावंतवाडीचे दीपक केसरकर २००९ ला राष्ट्रवादीचे, २०१४ पासून शिवसेनेचे, २०२२ पासून शिंदेंच्या शिवसेनेचे. आणि सगळ्यावर कडी कुडाळची. २०१४ ला ज्या धनुष्यबाणावर वैभव नाईकांनी नारायण राणेंना हरवलं, तोच धनुष्यबाण घेऊन २०२४ ला राणेंचे चिरंजीव नीलेश राणे आले आणि त्यांनी नाईकांना हरवलं. नाईकांच्या हातात मशाल होती. आमच्या शेजारच्या काकी मतदानाच्या आदल्या दिवशी विचारत होत्या, "गेल्या खेपेक मत दिलंय तो माणूस तोच आसा, मगे बाण खंय गेलो?" काकींना चिन्हं कळत नाहीत असं कुणी समजू नये. त्यांना अगदी बरोबर कळलं होतं.

हे बघून माणूस म्हणतो, बघा, पक्ष फार झाले. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इथे पक्ष फार नाहीत, पक्ष उरलेच नाहीत. पक्ष म्हणजे काही एक विचार, सभासद, कमिट्या, भांडणं आणि आतल्या निवडणुका. आपल्याकडे आहेत त्या फर्म. फर्मचं नाव आणि चिन्ह कुणाचं, याचा वाद निवडणूक आयोगापुढे चालतो आणि त्यात सामान्य सभासदाला जवळजवळ किंमत नसते. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं ते मुख्यतः आमदार-खासदारांच्या संख्येवर, आणि त्या आमदारांना पडलेली मतंही त्याच गटाच्या बाजूने मोजली. मतं पडली २०१९ ला. गट झाला २०२२ ला. ज्या गटाचा जन्मच झाला नव्हता त्याच्या खात्यात आमची मतं जमा! मी कुठल्याही गटाची नाही. शेवट उलटा लागला असता आणि हाच हिशेब असता, तरी हेच लिहिलं असतं.

यावर कायदा नाही का? आहे. १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती, पक्षांतरबंदी. हा कायदा कसा चालतो ते मालवणच्या जेटीवर मासळीचा लिलाव बघितलेल्या कुणालाही चटकन कळेल. सुटा मासा विकायला बंदी, पण अख्खी टोपली विकायला मुभा. एकटादुकटा आमदार फुटला तर त्याचं पद जातं. एक-तृतीयांश मिळून फुटले तर 'फूट' म्हणून चालायचं. ती पळवाट २००३ मध्ये काढून टाकली, पण दोन-तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात 'विलीन' झाले तर अजूनही चालतं. घाऊक आणि किरकोळ यातला हा भेद मधु लिमये यांनी १९८५ लाच ओळखला होता, पण तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. उलट या कायद्याने प्रामाणिक माणसाची जीभ मात्र बांधली. पक्षाने व्हिप काढला की संपलं. कुठल्याही साध्या विधेयकावर सद्सद्विवेकाने विरोधात मत दिलं तरी खासदारकी जाऊ शकते.

अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर ते इथे घ्या. जुलै २०१७ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी स्वतःच्याच पक्षाच्या आरोग्यविमा विधेयकाविरुद्ध सभागृहात येऊन अंगठा खाली केला आणि ते पडलं. त्यांची सिनेटरकी गेली नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही आमदाराला आज हे करता येईल का? दोन पक्षांचं सोंग घ्यायला आपण तयार आहोत, आणि त्यांच्याकडची खरी घेण्यासारखी गोष्ट मात्र कुणी मागत नाही.

आता मतं मोजण्याची गोष्ट. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

२०१४ च्या लोकसभेचे तीन आकडे बघा. तृणमूल काँग्रेसला देशभरात ३.८ टक्के मतं, जागा ३४. अण्णाद्रमुकला ३.३ टक्के, जागा ३७. आणि बहुजन समाज पक्षाला ४.२ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींहून जास्त मतं. जागा? शून्य. तिघांत सगळ्यात जास्त मतं ज्याला, त्याला भोपळा. का? तर पहिल्या दोघांचे मतदार एकेका राज्यात दाटीने बसलेले, तिसऱ्याचे देशभर विखुरलेले. (मोठ्या पक्षांच्या भक्तांसाठी: १९८४ ला काँग्रेसला साधारण ४९ टक्के मतांवर चारशेच्या वर जागा होत्या आणि २०१४ ला भाजपला ३१ टक्क्यांवर २८२. दोघांनी आपापल्या वेळी याला 'जनादेश' म्हटलं होतं.) म्हणजे आपली पद्धत लहान पक्षांना मारत नाही, ती विखुरलेल्या माणसांना मारते.

आणि विखुरलेली माणसं म्हणजे कोण, हे मालवणात राहून सांगायला हवं? सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा रापणकर आणि छोटा होडीवाला. त्याचं दुखणं सगळीकडे एकच. पर्ससीनवाले आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढणारे समुद्र खरवडून नेतात, आणि याच्या जाळ्यात येतं ते भाड्यालाही पुरत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, २०२१ ला १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दंड वाढवला. कागदावर सगळं आहे. अंमलबजावणीसाठी दर वर्षी आंदोलन. का? कारण मतदारसंघ हा जमिनीचा तुकडा असतो आणि किनारा ही एक रेघ असते. रेघ प्रत्येक तुकड्याच्या कडेने जाते, बहुमत कुठल्याच तुकड्यात होत नाही. त्यामुळे मच्छीमाराला पालघरात एकाच्या, अलिबागेत दुसऱ्याच्या, मालवणात तिसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. प्रत्येक जण आश्वासन देतो आणि प्रत्येकाला माहीत असतं की एवढ्या मतांनी काही सीट पडत नाही. दोन पक्ष केले तर या माणसाकडे दारंही दोनच उरतील.

हे वेगळंही होऊ शकतं. आमच्या देवगडकडच्या आंबाबागांत दर हंगामाला नेपाळी कामगार येतात. त्यांना विचारा, गावी मत कसं देता. त्यांना दोन मतपत्रिका मिळतात. एक आपल्या भागातल्या उमेदवारासाठी, दुसरी नुसत्या पक्षासाठी. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेप्रमाणे प्रतिनिधी सभेच्या २७५ जागांपैकी १६५ पहिल्या पद्धतीने भरतात आणि ११० दुसऱ्या मतांच्या प्रमाणात. जर्मनीत दोन मतांची पद्धत १९५३ पासून आहे, न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून. आपल्याकडेही विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात असं सुचवलं होतं, की लोकसभेच्या आहेत त्या जागा तशाच ठेवून वर पाव हिश्श्याइतक्या जागा वाढवाव्यात आणि त्या मतांच्या प्रमाणात वाटाव्यात. अहवाल कपाटात गेला. म्हणजे आमची बाग राखणाऱ्याला दोन मतं आणि बागेच्या मालकाला एक!

याला दिलं जाणारं सगळ्यात वजनदार उत्तर पुन्हा बाबासाहेबांचं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मांडली होती आणि डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला होता. कारणं दोन. ही पद्धत समजायला मतदार साक्षर हवा, आणि हिने सभागृहाचे फार तुकडे होतील. पहिलं कारण तेव्हा खरं होतं. १९५१ मध्ये देशात साक्षरता अठरा टक्के होती. २०११ मध्ये एकट्या सिंधुदुर्गात ती पंच्याऐंशीच्या वर होती. दुसऱ्या कारणावर उपाय म्हणून जर्मनीने किमान पाच टक्क्यांची अट ठेवली, नेपाळने तीनची.

शिवाय याच बाबासाहेबांनी छोट्या पक्षाची ताकद कोकणाला आधी दाखवून दिली होती. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक मतदारसंघ एकाहून जास्त जागांचे होते, आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. विखुरलेल्या माणसाला त्यामुळे थोडं बळ यायचं. पक्षाचे डझनावर आमदार निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण प्रश्न सभागृहाच्या मेजावर आला तो आलाच, आणि १९४९ ला खोती कायद्याने गेली. ज्या पक्षात खोतही होते आणि कुळंही, तो मोठा पक्ष हा प्रश्न आपणहून इतक्या लवकर काढणार नव्हता. खोताविरुद्ध बोलायला फक्त कुळांचा असा एक छोटा पक्ष लागला.

छोट्या पक्षांचं सगळंच गोड आहे असं नाही. २००२ मध्ये सुरेश प्रभू, आमचेच खासदार, वाजपेयी सरकारात वीजमंत्री म्हणून उत्तम काम करत होते. त्यांना जावं लागलं ते पंतप्रधानांच्या नाही, स्वतःच्या पक्षप्रमुखांच्या इच्छेने. पण हा दोष पुन्हा पक्ष छोटा असण्याचा नाही, तो एका माणसाच्या मालकीचा असण्याचा आहे. मोठ्या पक्षांत आज वेगळं काय चाललंय?

आणि घाई कशाला, असंही कुणी म्हणू नये. एके काळी सिंधुदुर्गात देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी असे चार आमदार होते. २००८ च्या फेररचनेनंतर तीन उरले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १९ हजारांनी कमी झाली. पोरं मुंबईला, पुण्याला, आखातात. पुढची फेररचना होईल तेव्हा आमचा तुकडा आणखी मोठा आणि आमचा आवाज आणखी बारीक होणार. नुसत्या तुकड्यांच्या हिशेबात कोकण दर वेळी हरणार आहे. दुसरं मत मिळालं, तर निदान मालवणचा होडीवाला, सातपाटीचा होडीवाला आणि मुंबईच्या कोळीवाड्यातला त्याचा भाऊ यांची मतं एका ठिकाणी पडतील.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही रंगाचा उमेदवार दारात आला, तर नोकरी, रस्ता, नळ यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. पक्ष सोडलास तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे येणार का? आणि आम्हाला दुसरं मत मिळावं म्हणून सभागृहात एकदा तरी उभा राहणार का? उत्तर देताना त्याने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं, तर पक्षाचा मालक कोण ते तिथेच कळेल.